दोन सूत

संपादकांनी कविता मागितली होती. कविता झाली नाही, स्क्रू झाला. म्हणून स्क्रूवरच लिहितोय. चालवून घ्या.

आपला हा अंक ज्या सायक्लोस्टाईल मशीनवर निघतो ते मशीन इंग्लिश बनावटीचं आहे. एका शाळेच्या अडगळीतून आपल्याकडे आलेलं. त्याला एक दाबाचा रूळ असतो. तो कागद शाईच्या ड्रमवर दाबतो. त्या रुळाच्या दोन्ही टोकांना एकेक स्क्रू. नोव्हेंबरात डाव्या बाजूच्या स्क्रूचे आटे गेले. फिरवला की नुसता फिरतो, धरत नाही. पान निघालं की उजवीकडं काळंकुट्ट आणि डावीकडं कोरं. अर्धी कविता वाचायची, अर्धी ज्याची त्यानं मनात म्हणायची!

आणि 6 डिसेंबर तोंडावर. दादरला चैत्यभूमीवर अंक न्यायचा तर तो आधी निघाला पाहिजे. संपादक म्हणाले, "झेरॉक्स काढायचं तर 32 पानं, 300 प्रती. पानाला एक रुपया धर. कर हिशेब." 9,600 रुपये. माझा आख्खा लेथ 9,000चा आहे.

संपादकांना हे ठाऊक होतं. ते माझ्याकडं बघत होते.

आधी पनवेलला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं जुना स्क्रू बघितला न बघितला आणि सहा एमएमचा बोल्ट पुढं केला. "हाच आहे." मशीनला लावला. दोन वेढे गेला आणि दात पडायला आलेल्या म्हाताऱ्यासारखा डुगडुगायला लागला. बरं झालं जोर केला नाही. मशीनच्या बिडातले आटे शाबूत होते, तेही गेले असते. मग एका वर्कशॉपात गेलो. तिथला मिस्त्री हसला. "एक नग? और ये चूडी आजकल कौन काटता है? फेक दे मशीन."

मशीन फेकून दे. हे वाक्य ओळखीचं वाटलं. आमच्या वस्तूंना, आमच्या वस्तीला आणि आम्हाला लोक हेच सांगत आलेत.

मी तळोज्याच्या एमआयडीसीत एका री-रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडं हेल्पर आहे. आजा कापडाच्या गिरणीत होता, मी लोखंडाच्या गिरणीत. भट्टीतून लालभडक बिलेट निघतं, रुळांच्या एकेका जोडीतून जातं, बारीक होत होत त्याची सळई होते. रुळांवर त्यासाठी खाचा असतात. लोखंड खाऊन खाऊन त्या खाचा झिजतात. मग रूळ उतरवायचे आणि मोठ्या लेथवर चढवून खाचा नव्यानं कापायच्या. त्या खोलीला रोल शॉप म्हणतात. तिथं कीस उचलायला मला पाठवलं.

पहिल्यांदा लेथ चालताना बघितला तो तिथं. एवढा थोरला रूळ सावकाश फिरतोय आणि हत्यार त्याच्यातून लोखंडाची साल काढतंय. निळी साल, गरम, वळून वळून पडणारी. मी झाडू हातात धरून उभाच राहिलो. टर्नरला म्हटलं, "मला शिकवाल का?" त्यानं आडनाव विचारलं. सांगितलं. मग म्हणाला, "मशीन नाजूक असतं. हात लावायचा नाही. तू कीस उचल."

पाच-पन्नास टन दाबाखाली राबणारे रूळ कापणारं मशीन, आणि ते माझ्या हातानं बिघडणार होतं.

दीड वर्षानं दारूखान्यातून लेथ आणला. दारूखाना म्हणजे रे रोडची जहाजं तोडायची आणि भंगाराची वस्ती. तिथं जुन्या पंख्यांच्या मागं एक छोटा चिनी लेथ पडला होता. घरात छंद म्हणून लोखंडकाम करणाऱ्या लोकांसाठी असले लेथ करतात. दोन टोकांत जेमतेम बारा इंच लांबीचा नग बसतो. वजन चाळीस किलोच्या घरात. दोघांनी रिक्षात घालून, लोकल चुकवून, टेम्पो बदलत तो कळंबोलीला आणला. आमची तळमजल्यावरची एक खोली. मोरीशेजारी टेबल टाकून त्यावर बसवला. आई म्हणाली, "हे कशापायी?" शेजारी म्हणाला, "शौक!"

शौक हा शब्द आमच्या घरात दारू आणि आकड्यासाठी वापरतात. बाकी कुणाला शौक करताना मी बघितलेला नाही. लोखंडाचा शौक म्हटल्यावर आईला वाटलं पोरगं बिघडलं.

बिघडलेला होता लेथ. जळका बोर्ड एका दोस्तानं दुरुस्त करून दिला, मोटर फिरली. पण कापायला घेतलं की नग लाटण्यासारखा, मध्ये जाड, कडेला बारीक. हत्यार थरथरायचं. पितळेवर रेघोट्या उठायच्या. मला वाटलं टर्नर खरं बोलला. हे आपल्या हातातलं काम नव्हे. पंधरा दिवस लेथवर गोधडी टाकून ठेवली.

मग रद्दीच्या दुकानात आयटीआयचं टर्नर ट्रेडचं मराठी पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ नव्हतं. रात्रपाळीहून आलो की वाचायचो. दहावीत मी गणितात गेलेला माणूस. पण त्या पुस्तकातलं गणित वेगळं वाटलं, कारण त्याचं उत्तर हाताला लागत होतं.

एक दिवस सॅडल हातानं धरून हलवलं. ते हललं. चक्क वर उचललं जात होतं. सॅडलच्या खाली बेडला धरून ठेवणाऱ्या दोन पट्ट्या असतात. त्या ओबडधोबड होत्या, मध्ये फट. म्हणजे कापताना हत्यार नगावर चढायचं आणि दोष माझ्या हातावर यायचा. पट्ट्या काढल्या. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासून सपाट केल्या. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा साधारण मिलीमीटरचा दहावा भाग जाड असतो. तो कापून पाचरीसारखा घातला. सॅडल हलायचं थांबलं.

क्रॉस स्लाईडचं हँडल एक चतुर्थांश वेढा फिरवलं तरी हत्यार जागचं हलत नव्हतं. त्याचा नट आवळला. थोडा ढिलेपणा उरलाच, तो कुठल्याही लेथमध्ये उरतो. त्यावर उपाय म्हणजे सवय. हत्यार नेहमी एकाच बाजूनं पुढं आणायचं. जास्त पुढं गेलं तर पुरतं मागं घेऊन पुन्हा पुढं यायचं.

तिसरी खोड सगळ्यात वाईट. आटे कापायचे तर नग सावकाश फिरला पाहिजे. या लेथची मोटर हळू केली की तिचा जीव जातो, आणि वेगात ठेवली तर हत्यार नगाच्या खांद्यावर जाऊन आदळतं. म्हणून स्पिंडलच्या मागच्या टोकाला हातानं फिरवायची मूठ केली. पाईपच्या तुकड्याला चिरा दिल्या, आत निमुळती पाचर घातली. बोल्ट आवळला की पाईप फुगतो आणि स्पिंडलच्या भोकात घट्ट बसतो. बाहेरच्या टोकाला कळंबोलीच्या लोखंडबाजारातल्या पट्टीचा दांडा. आता आटे कापताना मोटर बंद. मी फिरवतो, मी थांबवतो. विहिरीचा रहाट ओढल्यासारखं.

हे सगळं लिहितोय ते यासाठी, की पहिला दोष कुठं आहे ते सापडल्यावर मला रात्रभर झोप आली नाही. शाळेत मास्तर म्हणायचे, तुमच्यात हे उपजतच नसतं. मिलमध्ये तेच. मीही मानलं होतं. आणि इथं पत्र्याचा एक तुकडा घातला आणि माझा हात एकदम सुधारला! लेथसुद्धा उपजत सरळ कापत नाही, दोस्तांनो. त्याला कुणीतरी सरळ करावं लागतं. मग माझ्यातली किती खोट माझी आणि किती ज्यावर मला उभं केलं त्या पाटाची?

तर स्क्रू. व्हर्निअर लावला. व्यास 6.35 मिलीमीटर. म्हणजे पाव इंच. आमच्या कारखान्यांच्या भाषेत दोन सूत. एका इंचाचे आठ सूत. आपल्या देशात 1956 साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून ती मापं टप्प्याटप्प्यानं लागू झाली. तरी कळंबोलीला आठ एमएमची सळई मागितली तर म्हातारा हमाल अजून अडीच सूत म्हणतो.

घरी मी मोठ्यानं म्हणालो, "दोन सूत." कोपऱ्यात आजा पडला होता. तो उठून बसला. "सूत? कशाचं सूत?"

आजा लालबागला रिंगखात्यात होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तेव्हा तो घरी बसला तो परत गिरणीत गेला नाही. त्याचा बाप त्याच्या आधी त्रासनात. आमची माणसं कातायच्या खात्यात असायची. कापडखात्यात, जिथं मजुरी जास्त, तिथं नाही. का? तर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावं लागायचं. महाराचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा?

आजा म्हणाला, "माझा बाप सांगायचा. धोट्याला आमचं तोंड चालत न्हवतं. पन त्या कांडीवरचं सूत कुनी कातलं व्हतं? आमीच की. आमच्या हातचं सूत त्येंच्या तोंडात जायाचं, त्ये चालायचं."

1928 साली मुंबईच्या गिरण्यांचा जवळजवळ सहा महिने संप चालला, तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं हेच मांडलं होतं, की कापडखातं आमच्या माणसांना खुलं करा. मजुरांच्या एकीच्या गोष्टी करणाऱ्यांना त्यांनी एकीतली फट दाखवली. सॅडलखालची फट. ती दिसत नाही, पण जोर पडला की मशीन उचललं जातं.

आज्याला मी स्क्रू दाखवला. म्हटलं, "हे लोखंडाचं सूत. याला तोंड लावावं लागत नाही." तो म्हणाला, "मग हात लावू देत्यात का?" मी काय सांगणार! रोल शॉपचं मी घरी बोललो नव्हतो.

आता आट्यांचं माप. पिच गेज म्हणजे दातांच्या पत्र्यांचा जुडगा. एक मिलीमीटरचं पान लावलं तर सुरुवातीला बसल्यासारखं वाटलं, पण दहाव्या आट्याला सरकलेलं. दुकानदार इथंच फसला होता. इंचाचं 26चं पान लावलं. चपखल. इंचात 26 आटे, ही इंग्रजांची बारीक आट्यांची जुनी जात. कोनही आजच्यासारखा 60 अंशाचा नाही, 55चा. व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजानं 1841 साली तो ठरवला. त्याआधी कारखान्यागणिक आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला जात नसे. नटाबोल्टांच्यासुद्धा जाती होत्या, आणि बेटीव्यवहार बंद!

व्हिटवर्थ ज्याच्या कारखान्यात काही वर्षं राबला त्या हेन्री मॉडस्लीबद्दल वाचलं आणि तो माणूस मला जवळचा वाटला. बारा वर्षांचा असताना तो वूलिचच्या शस्त्रागारात काडतुसांत दारू भरायचं काम करत होता. पुढं एका मालकाकडं कारागीर झाला. आठवड्याला 30 शिलिंग मिळत, वाढवून मागितले, मालक नाही म्हणाला. 1797 साली त्यानं स्वतःचं दुकान काढलं. आणि 1800च्या सुमारास चेंज गिअर आणि लीड स्क्रूवर नेमके आटे कापणारा लेथ उभा केला. स्क्रू कापणारे साधे लेथ आजही त्याच वाटेनं चालतात. पगारवाढ नाकारल्याचे असेही परिणाम होतात.

ती वाट अशी. स्पिंडल फिरतो, त्याच्याबरोबर गिअरांमधून एक लांब स्क्रू फिरतो. तो लीड स्क्रू. तो हत्याराला पुढं ओढतो. माझ्या लीड स्क्रूचा एक वेढा म्हणजे दीड मिलीमीटर. मला पाहिजे इंचाचा 26वा भाग, म्हणजे 0.977 मिलीमीटर. इंच म्हणजे 25.4 मिलीमीटर. हिशेब मांडला की त्यात 127 येतो. 127ला कशानंच भाग जात नाही. म्हणून इंच आणि मिलीमीटर जुळवायला 127 दातांचं गिअर लागतं. ते माझ्याकडं नाही.

तीन रात्री कागद खरडले. 65, 40, 50, 80. पासष्ट आणि चाळीस फिरवणारे, पन्नास आणि ऐंशी फिरणारे. 0.975 येतं. हजारात दोनाचा फरक. दहा आट्यांत मिलीमीटरचे दोन शतांश. एवढ्याशा स्क्रूला ते खपतं. गणितात नापास झालेल्या माणसाला तो आकडा सापडला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते, आणि सांगायला कुणी जागं नव्हतं.

पासष्टचं गिअर काढलं तर त्याचे दोन दात तुटलेले. प्लॅस्टिकचं गिअर. जिथं दात नव्हते तिथं भोकं पाडली, पितळेचे बारीक स्क्रू बसवले आणि कानशीनं घासून त्यांना दाताचा आकार दिला. पितळेचे दात बसवलेला म्हातारा. हातानं फिरवायचं असल्यानं भार कमी, म्हणून चालून गेलं.

पहिला स्क्रू मी पुस्तकाप्रमाणं केला. एक फेरी झाली की हाफ नट उघडायचा, सॅडल हातानं मागं आणायचं, पुन्हा लावायचा. दुसऱ्या फेरीला हत्यार पहिल्या खाचेत न जाता दोन खाचांच्या मधून गेलं. आट्यात आटा. स्क्रूची करवत झाली. नंतर कळलं, लीड स्क्रूचे 13 वेढे होतात तेव्हा माझे 20 आटे होतात, आणि तेव्हाच दोघं पुन्हा जुळतात. मधल्या कुठल्याही जागी नट लावला तर चुकणारच. या कामात हाफ नट एकदा लावला की काम संपेपर्यंत उघडायचा नाही. हत्यार बाहेर घ्यायचं आणि मूठ उलटी फिरवत परत यायचं. सुरुवातीच्याही थोडं मागं जायचं, म्हणजे गिअरांतला ढिलेपणा पुढं येताना निघून जातो.

दुसरा स्क्रू दिसायला देखणा. मशीनमध्ये घातला, दोन आटे गेला आणि अडला. हत्यार मी 60 अंशाचं, टोकदार वापरलं होतं. माझ्याकडं गेज तेच होतं. मग भाचीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, पत्र्यावर 55 अंश आखून खाच कापली आणि त्या खाचेत बसेपर्यंत हत्यार ग्राइंडरवर घासलं. टोक तेलाच्या दगडावर किंचित गोल केलं, कारण या जातीच्या आट्यांची खोबण गोल असते.

तिसऱ्याला बसलो ती रविवारची दुपार. मूठ फिरवायची, चौदा-पंधरा वेढे पुढं. हत्यार बाहेर. तेवढेच वेढे मागं. हत्यार आत, मिलीमीटरचा विसावा भाग. थेंबभर तेल. पुन्हा पुढं. अशा सोळा-सतरा फेऱ्या. शेवटच्या दोन फेऱ्यांत हत्यार आत घेतलंच नाही, नुसतं फिरवलं, तरी बारीक कीस निघाला. हत्यार आणि नग जोराखाली थोडे वाकलेले असतात, ते सरळ होताना उरलेलं कापतात. दंड भरून आले होते. आजा भिंतीला टेकून बघत होता. त्याच्या तोंडून शब्द नाही. गिरणीतला माणूस मशीन चालताना बोलत नाही.

स्क्रू काढला, पुसला, संपादकांच्या घरी नेला. मशीनच्या बिडात दोन बोटांनी फिरवला. गेला. शेवटपर्यंत गेला. ना डुगडुग, ना अडणं. संपादकांनी ड्रम फिरवला. पहिलं पान निघालं. डावीकडं शाई, उजवीकडंही शाई.

सोमवारी मी दुसरा, अडलेला स्क्रू खिशात घालून मिलमध्ये गेलो. टर्नरला दाखवला. त्यानं नखानं आटे खरवडले, उजेडाला धरला. "कुठून करून आणलास?" म्हटलं, "घरी केला." त्यानं माझ्याकडं बघितलं, स्क्रू परत दिला आणि म्हणाला, "तिकडचा कीस उचल." मी उचलला. पगार तोच आहे, झाडू तोच आहे. एका स्क्रूनं कापडखातं उघडत नाही.

पण त्या दिवशी कीस उचलताना एक गोष्ट मी केली. कीस हातात घेऊन बघितला. तो तुटक आणि जळकट निघत होता. म्हणजे हत्यार बोथट झालं होतं. टर्नरला ते अजून कळलं नव्हतं, मला कळलं होतं. मी बोललो नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

हे माझं पान स्टेन्सिलवर सगळ्यात शेवटी चढलं. अक्षरं तिरकी दिसली तर स्क्रूला दोष देऊ नका. स्टेन्सिल मीच लावलीय आणि ती वाकडी लागलीय. स्क्रूमध्ये फरक आहे तो हजारात दोनाचा. तेवढा माझा.